रिपोर्टातल्या चार ओळी

स्तनातल्या गाठीची बायोप्सी होते, काही दिवसांनी रिपोर्ट हातात पडतो आणि त्याच्या तळाशी चार ओळी असतात. ईआर ८ पैकी ८. पीआर ८ पैकी ६. हर-टू २+. केआय-६७ २२ टक्के. कॅन्सर आहे, हे वरच्या परिच्छेदात सांगून झालेले असते. पुढे काय होईल याबद्दल आज जे सांगता येते, त्यातले बरेचसे या चार ओळींत असते. घरचे लोक त्यांचा फोटो काढून नात्यातल्या, ओळखीतल्या डॉक्टरला पाठवतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: आकडा जास्त म्हणजे वाईट का?

उत्तर प्रत्येक ओळीला वेगळे आहे. ईआरचा आकडा जितका मोठा तितका दिलासा. केआय-६७चा मोठा असेल तर काळजी. हर-टूचा पूर्वी फार वाईट समजला जाई, आता त्याचा अर्थ पालटला आहे. म्हणून या सगळ्या खुणांकडे एकदा सलग पाहणे मला गरजेचे वाटते. यातल्या कोणत्या कसोटीला उतरल्या, कोणत्या नुसत्याच गाजल्या, आणि कोणत्या आजही सवयीने तपासल्या जातात?

सुरुवात ईआरपासूनच करावी लागते, कारण खूण कशी कमवावी लागते हे त्यातून कळते. १८९६ साली ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की स्तनाचा कॅन्सर बळावलेल्या एका तरुण स्त्रीची अंडाशये काढल्यावर तिच्या गाठी विरत गेल्या. मग ही शस्त्रक्रिया बऱ्याच जणींवर झाली. गुण यायचा तो साधारण तिघींतल्या एकीला. उरलेल्या दोघींच्या वाट्याला नुसतीच शस्त्रक्रिया. पुढे अॅड्रिनल ग्रंथी काढण्यापर्यंत मजल गेली, तरी हिशेब तोच राहिला. ती एक कोणती, हे आधी ओळखता येत नव्हते. शिकागो विद्यापीठातल्या एलवुड जेन्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी इस्ट्रोजेन वापरून दाखवले, की काही पेशींत अंडाशयांतून येणाऱ्या या संप्रेरकाला धरून ठेवणारे प्रथिन असते. तेच इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे ईआर (पीआर हे तसेच प्रोजेस्टेरॉनचे). ज्या गाठीत ते भरपूर, ती संप्रेरक तोडल्यावर बहुधा आटते. ज्या गाठीत ते नाही, तिथे अंडाशये काढून काही उपयोग नाही. ज्या बायकांना निष्फळ शस्त्रक्रिया सोसावी लागली असती, त्या या एका चाचणीने वाचल्या.

नंतर इस्ट्रोजेनची वाट अडवणारे टॅमॉक्सिफेन आले. २० चाचण्यांतल्या २१ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून २०११मध्ये जो निष्कर्ष निघाला तो असा: ईआर असलेल्या गाठीत पाच वर्षे ही गोळी घेतली तर सुरुवातीच्या पाच वर्षांत आजार परतण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते, आणि पंधरा वर्षांच्या हिशेबात स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ईआर नसलेल्या गाठीत काहीही फरक पडत नाही. औषध स्वस्त, त्याचा उपयोग कोणाला हे सांगणारी चाचणीही साधी. या क्षेत्रात यापेक्षा मोलाची जोडी मला दिसत नाही.

इथे दोन प्रश्न वेगळे करून ठेवायला हवेत, कारण पुढचा सगळा घोळ ते एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. एक प्रश्न आजाराचा: याची चाल कशी आहे, मंद की वेगवान? दुसरा औषधाचा: हे औषध या गाठीवर चालेल का? पहिल्याचे उत्तर देणारी खूण भाकीत सांगते, दुसऱ्याचे देणारी निवड करायला मदत करते. ईआर दोन्ही सांगते, पण दुसरे फार पक्के आणि पहिले जरा कच्चे. ईआर असलेली बाई पहिली पाच वर्षे तुलनेने निर्धास्त असते, हे खरे. मात्र ६२,९२३ स्त्रियांची माहिती घेऊन २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की पाच वर्षांची हार्मोनची गोळी पुरी झाल्यानंतरही पाचव्यापासून विसाव्या वर्षापर्यंत आजार दूरच्या अवयवांत परतण्याचा धोका संथपणे साचत राहतो. गाठ लहान आणि काख स्वच्छ असेल तर १३ टक्क्यांच्या आसपास, गाठ मोठी आणि काखेतल्या चार ते नऊ ग्रंथींत रोग असेल तर ४१ टक्क्यांपर्यंत. पाच वर्षे झाली की पेढे वाटणाऱ्या घरांना हे सांगणे अवघड जाते, पण सांगायला हवे.

हर-टूची कथा याच्या उलट दिशेने गेली. १९८७ साली डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १८९ गाठी तपासून दाखवले, की ज्यांच्यात या जनुकाच्या जादा प्रती आहेत त्या गाठी लवकर परततात आणि त्या बायका लवकर जातात. तेव्हा ही निव्वळ वाईट बातमी होती. १९९८मध्ये हर-टूवरच नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, २००५मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि आजार परतण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. खूण तीच, तिचा अर्थ पालटला. भाकिताची खूण स्वयंभू नसते, ती त्या काळच्या उपचारांवर टेकलेली असते. आपल्याकडे हे वाक्य आणखी कडू होते, कारण औषध परवडले नाही तर हर-टू पॉझिटिव्ह रिपोर्टचा अर्थ १९८७चाच राहतो. २०१४मध्ये बायोकॉनचे देशी ट्रास्टुझुमॅब बाजारात आले, नंतर इतरांचीही आली, किमती उतरल्या. तरीही वर्षभराचा पूर्ण कोर्स सगळ्यांना मिळतो, असे म्हणता येणार नाही.

२०२२मध्ये याच ओळीने पुन्हा एक वळण घेतले. ज्यांना आजवर निगेटिव्ह म्हणून बाजूला ठेवत असत, त्या, रंगचाचणीत १+ आलेल्या आणि जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या फिश चाचणीत निगेटिव्ह ठरलेल्या २+ गाठींवरही ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान हे नवे औषध चालते आणि पसरलेल्या आजारात आयुष्य वाढवते, असे एका चाचणीत दिसले. म्हणजे पॅथॉलॉजिस्टला आता शून्य आणि १+ यांतला फरक सांगावा लागतो. ही रंगचाचणी त्यासाठी तयार झालेलीच नव्हती. तिचे काम ३+ गाठी वेचून काढण्याचे होते. त्या खालच्या टोकाला दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचेही अनेकदा एकमत होत नाही.

केआय-६७वर मला जरा थांबायचे आहे. हे नाव जर्मनीतल्या कील शहरावरून आणि ज्या तबकडीत ते प्रतिपिंड सापडले तिच्या ६७व्या खळग्यावरून आले. किती टक्के पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत, हे त्यातून दिसते. कल्पना इतकी सरळ आहे, की यापेक्षा उपयोगी काही असूच नये असे वाटते. अडचण मोजण्यात आहे. एकाच गाठींच्या, एकाच ठिकाणी रंगवलेल्या काचपट्ट्या जगातल्या नामांकित प्रयोगशाळांना मोजायला दिल्या, तेव्हा त्यांच्या सरासऱ्यांत दुपटी-तिपटीचा फरक आला. गाठीच्या कडेला मोजायचे की जिथे रंग जास्त साकळला आहे तिथे, यावरच आकडा हलतो. सेंट गालेनच्या तज्ज्ञ परिषदेने २०११मध्ये १४ टक्के ही सीमारेषा मानली आणि दोनच वर्षांनी ती २० टक्क्यांकडे सरकवली. अखेर या विषयावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१मध्ये सांगितले, की ५ टक्के किंवा त्याहून कमी आणि ३० टक्के किंवा त्याहून जास्त, एवढ्याच दोन टोकांवर विसंबावे. आता सुरुवातीच्या रिपोर्टातले २२ टक्के आठवा. नेमके मधल्या धुक्यात. त्या एका आकड्यावर केमो द्यायचे की नाही हे ठरवणे मला धाडसाचे वाटते, आणि तसे ठरवलेले रिपोर्ट मी पाहिले आहेत.

याच खुणेने भाकीत आणि निवड यांतला फरकही पुन्हा दाखवून दिला. अॅबेमासिक्लिब या गोळीला सुरुवातीच्या टप्प्यातल्या आजारासाठी २०२१मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती केआय-६७ २० टक्के किंवा अधिक असेल तरच, या अटीवर. चाचणीचे पुढचे निकाल आले तेव्हा दिसले, की आकडा मोठा असलेल्यांचा आजार जास्त परततो खरा, पण गोळीचा फायदा दोन्ही गटांना होतो. २०२३मध्ये अट काढून टाकली गेली.

गेल्या चाळीस वर्षांत अशा किती खुणा आल्या आणि गेल्या याची यादी लांबलचक आहे. कॅथेप्सिन-डी हे त्यातले ठळक नाव. १९९० साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या गटाने एका मोठ्या नियतकालिकात ते मांडले, जगभर मोजणी सुरू झाली, आणि एकाचा निष्कर्ष दुसऱ्याशी जुळेना. असे का होते, हे डग्लस आल्टमन या संख्याशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९९४मध्ये नेमकेपणाने दाखवले. समजा, तीनशे गाठींत एखादे प्रथिन मोजले. किती म्हणजे जास्त, ही रेघ कुठे मारायची ते आधी ठरलेले नाही. मग संशोधक वेगवेगळ्या ठिकाणी रेघ मारून पाहतो आणि जिथे दोन गटांत सर्वात मोठा फरक दिसतो तीच रेघ छापतो. असे केले, तर ज्या खुणेत काहीच अर्थ नाही तीही चाळीस टक्क्यांच्या आसपास वेळा अर्थपूर्ण ठरते, नियमाने पाच टक्केच ठरायला हवी असताना. पेशींच्या विभाजनाचाच दुसरा एक मापदंड, एस-फेज, याच्या साहित्यात त्यांना अशा १९ वेगवेगळ्या रेघा सापडल्या.

भर म्हणजे निराशाजनक निष्कर्ष छापायला कोणी फारसे उत्सुक नसते. कॅन्सरच्या भाकित-खुणांवरच्या लेखांची मोजदाद झाली तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक लेखांनी आपली खूण उपयोगी असल्याचेच सांगितले होते. एवढ्या खुणा खऱ्या असत्या, तर रिपोर्टाच्या तळाशी चार नव्हे चारशे ओळी असत्या. या गोंधळाला आळा घालण्यासाठी १९९६मध्ये डॅनिएल हेज आणि सहकाऱ्यांनी पुराव्याची प्रतवारी सुचवली. २००५मध्ये ‘रिमार्क’ नावाची वीस कलमांची शिस्त आली: नमुने कुठून आले, किती वगळले, रेघ कशी ठरवली, आधीपासून माहीत असलेल्या गोष्टी जमेस धरल्यावर नव्या खुणेने काय भर घातली, हे सगळे लिहायचे. माझ्या मते यातला शेवटचा प्रश्न सर्वात कडक आहे.

कारण आधीपासून माहीत असलेल्या गोष्टी फार बोलक्या आहेत. नॉटिंगहॅममध्ये १९८०च्या दशकात एक सूत्र तयार झाले: गाठीच्या सेंटिमीटरमधल्या आकाराला ०.२ने गुणायचे, त्यात सूक्ष्मदर्शकाखाली ठरणारी गाठीची प्रत आणि काखेतल्या ग्रंथींचा टप्पा मिळवायचा. दोन सेंटिमीटरची, दुसऱ्या प्रतीची गाठ आणि काख स्वच्छ, तर ०.४ अधिक २ अधिक १, म्हणजे ३.४. तितके किंवा त्याहून कमी ते चांगले. चार सेंटिमीटरची, तिसऱ्या प्रतीची गाठ आणि काखेतल्या दोन ग्रंथींत रोग, तर ५.८. ५.४च्या वर गेले की धोका मोठा. फूटपट्टी, सूक्ष्मदर्शक आणि काखेतल्या ग्रंथी नीट शोधणारा पॅथॉलॉजिस्ट, एवढेच भांडवल. कोणत्याही नव्या खुणेने यापेक्षा अधिक काय सांगितले, हे विचारल्याशिवाय तिला जागा देऊ नये.

त्या प्रश्नाला जनुक-चाचण्यांनी बऱ्यापैकी उत्तर दिले. २१ जनुके मोजणारी ऑन्कोटाइप चाचणी २००४मध्ये पुढे आली ती जुन्या एका औषध-चाचणीत जपून ठेवलेल्या ६६८ गाठींवरून. दहा वर्षांत आजार दूर पसरण्याचे प्रमाण कमी गुणांच्या गटात ६.८ टक्के, जास्त गुणांच्या गटात ३०.५ टक्के. पण इथे ती थांबली नाही, म्हणून तिचे कौतुक. टेलर-एक्स नावाच्या चाचणीत दहा हजारांहून अधिक स्त्रिया आल्या. काखेत रोग नसलेल्या आणि मधले, म्हणजे ११ ते २५ गुण असलेल्यांपैकी कोणाला केमो द्यायचे आणि कोणाला फक्त हार्मोनची गोळी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले. २०१८मध्ये निकाल आला. नऊ वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचे प्रमाण फक्त गोळीवर ८३.३ टक्के आणि केमोसह ८४.३ टक्के. हजारो बायकांचे केस, उलट्या, हातापायांच्या मुंग्या, बुडालेला रोजगार, हे सगळे त्या एका टक्क्याच्या तोलात पाहा. अॅमस्टरडॅमहून आलेल्या ७० जनुकांच्या मॅमाप्रिंटनेही २०१६मध्ये ६,६९३ स्त्रियांच्या चाचणीतून असेच काम केले.

टेलर-एक्सच्या निकालाला एक अपवाद होता, आणि आपल्यासाठी तोच महत्त्वाचा. पन्नाशीच्या आतल्या, १६ ते २५ गुणांच्या स्त्रियांना केमोचा थोडा फायदा दिसला. काखेतल्या एक ते तीन ग्रंथींत रोग असलेल्यांच्या पुढच्या चाचणीतही पाळी सुरू असलेल्यांना फायदा झाला, पाळी गेलेल्यांना नाही. केमोने तरुण स्त्रीची पाळी बंद पडते, अंडाशये शांत होतात. हा फायदा बहुधा त्यातूनच येत असावा, असे अनेक तज्ज्ञ मानतात. म्हणजे सव्वाशे वर्षांनी आपण पुन्हा बीटसनच्या दारात. भारतात हा आजार पाश्चात्य देशांच्या तुलनेत सरासरी दहाएक वर्षे लवकर होतो आणि निदानाच्या वेळी काखेत पोचलेला असण्याचे प्रमाण जास्त. त्यामुळे ‘गुण कमी, केमो टाळा’ हा निरोप जितक्या सहज तिकडच्या साठीच्या बाईला देता येतो, तितक्या सहज इथल्या बेचाळिशीच्या बाईला देता येत नाही. त्यात चाचणीचा खर्च लाखांच्या घरात. बंगळुरूत तयार झालेली, पाच प्रथिने रंगवून गुण देणारी कॅनअसिस्ट चाचणी स्वस्त आहे आणि भारतीय रुग्णांच्या गाठींवर घडलेली आहे. नेदरलँड्समधल्या जुन्या नमुन्यांवरही ती पडताळली गेली. टेलर-एक्ससारखा पुरावा तिच्यामागे उभा राहावा, असे मला मनापासून वाटते. आणि हेही लक्षात ठेवावे, की २०११मध्ये जॅक क्युझिक यांच्या गटाने दाखवले होते: ईआर, पीआर, हर-टू आणि केआय-६७ या चारच ओळी चांगल्या प्रयोगशाळेत नीट मोजून एका सूत्रात बसवल्या, तर त्या ऑन्कोटाइपच्या बरोबरीने माहिती देतात.

रक्तातल्या मार्करबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट लिहितो, कारण ‘ट्यूमर मार्कर’ म्हटले की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर सीए १५-३ येतो. उपचार संपलेल्या, काही त्रास नसलेल्या बाईचे दर तीन महिन्यांनी हे रक्त तपासू नये, असे अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २००७च्या मार्गदर्शनात सांगितले. आकडा वाढल्यामुळे पसरलेला आजार काही महिने आधी कळतो, पण त्याने आयुष्य वाढल्याचे दिसलेले नाही. इटलीतल्या दोन मोठ्या चाचण्यांनी १९९४मध्येच दाखवले होते, की लक्षणे नसताना वारंवार केलेल्या स्कॅन-तपासण्यांनी जगण्यात फरक पडत नाही. शिवाय हा आकडा यकृताच्या आजारात वाढतो, बी-१२च्या तीव्र कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयातही वाढतो. पसरलेल्या आजारात उपचार लागू पडतो आहे का, हे स्कॅनच्या जोडीने पाहायला तो उपयोगी आहे, एवढेच. माझ्या नात्यातल्या एका बाईने सहा वर्षे दर तिमाहीला रिपोर्ट येईपर्यंतच्या दोन रात्री जागून काढल्या. त्या रात्रींची गरज नव्हती.

रक्तातल्या नव्या तपासण्यांनाही तीच कसोटी लावायला हवी. साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा अधिक कॅन्सरपेशी फिरताना दिसल्या तर पसरलेल्या आजाराची वाट बिकट, हे २००४मध्ये सिद्ध झाले. मग पेशी कमी झाल्या नाहीत तर लगेच केमो बदलावे का, हे एका चाचणीत तपासले. २०१४चा निकाल: बदलून आयुष्य वाढले नाही. भाकीत खरे होते, हाताशी चांगले औषध नव्हते. गाठीच्या डीएनएचे तुकडे रक्तात शोधणाऱ्या तपासणीकडून आशा अधिक आहे. ईआरच्या जनुकात बदल झाल्याचे रक्तात दिसताच गोळी बदलली तर आजार जास्त काळ आटोक्यात राहतो, असे दिसू लागले आहे. मात्र ट्रिपल निगेटिव्ह आजारात अशीच तपासणी करून पाहिली, तेव्हा रक्तात खूण सापडलेल्या बहुतेकींच्या शरीरात आजार स्कॅनवर दिसण्याइतका पसरलेलाच होता.

ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नाहीत. भारतातल्या अभ्यासांत अशा गाठींचे प्रमाण तीस टक्क्यांच्या जवळपास सापडते, पाश्चात्य देशांत त्याच्या निम्म्याच्या आसपास. या गाठींसाठी सर्वात आश्वासक खूण कोणत्याही महागड्या यंत्रातून आलेली नाही. नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी काचपट्टीवर गाठीत किती लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशी, शिरल्या आहेत ते पाहायचे. केमो न घेतलेल्या, पहिल्या टप्प्यातल्या ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांत या पेशी ५० टक्के किंवा जास्त असतील तर पाच वर्षांनी दूर न पसरलेल्यांचे प्रमाण ९४ टक्के, ३० टक्क्यांहून कमी असतील तर ७८ टक्के, असे २०२४मध्ये प्रसिद्ध झाले. यावरून केमो टाळण्याइतका पुरावा अजून नाही. पण ही मोजणी लातूरच्या सूक्ष्मदर्शकाखालीही होऊ शकते.

आणि आता ज्यावर सगळे उभे आहे ते. २०००मध्ये परळच्या टाटा हॉस्पिटलमधून ७९८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ईआर असलेल्या गाठी होत्या ३२.६ टक्के. पाश्चात्य आकडा सत्तरच्या आसपास. काही फरक खरा होता, कारण आपल्याकडच्या रुग्ण तरुण आणि गाठी आक्रमक. पण पुढच्या वर्षांत नमुने हाताळण्यात सुधारणा होत गेली तसे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. मधल्या बायकांची ईआर गेली कुठे? ती बाटलीत गेली. गाठ काढली की तासाभरात फॉर्मालिनमध्ये पडायला हवी, त्याआधी पावासारखे काप द्यायला हवेत, कारण फॉर्मालिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरते. फॉर्मालिन गाठीच्या दसपट हवे. सहा तासांहून कमी नाही, बहात्तर तासांहून जास्त नाही. तालुक्याच्या गावी शनिवारी संध्याकाळी अख्खी गाठ अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबली, सोमवारी एसटीने पाठवली, तर बाहेरची साल टिकते आणि आतले प्रथिन नासते. रिपोर्ट येतो: ईआर निगेटिव्ह. त्या बाईला काही रुपयांची गोळी कोणी देत नाही.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड प्रांतात १९९७ ते २००५ या काळातल्या तपासण्या पुन्हा केल्या, तेव्हा साडेतीनशेहून अधिक रुग्णांचे ईआर-पीआरचे निकाल चुकल्याचे निघाले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने २००९मध्ये त्याचा अहवाल दिला. २०१०च्या तज्ज्ञ-मार्गदर्शनात जगभरात वीस टक्क्यांपर्यंत निकाल चुकीचे असू शकतात, असे म्हटले होते.

भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नव्या स्त्रियांना हा आजार होतो, असा २०२२चा अंदाज आहे. त्यांच्यापैकी कित्येकींचे नातेवाईक प्लास्टिकच्या पिशवीत मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या घेऊन नांदेडहून, कोल्हापूरहून, पणजीहून मुंबईची गाडी धरतात. तिथे पुन्हा तपासणी होते, पण ब्लॉकमध्ये जे नासले आहे ते परत येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी विचारायचे प्रश्न दोनच आहेत. गाठ काढल्याबरोबर फॉर्मालिनमध्ये कोण घालणार? आणि काढल्याची वेळ व फॉर्मालिनमध्ये घातल्याची वेळ तपासणीच्या कागदावर लिहिणार का? ज्या डॉक्टरांना हे विचारले, त्यांच्यापैकी एकानेही आजवर वाईट वाटून घेतलेले नाही. एकाने तर नर्सला हाक मारून भिंतीवरच्या घड्याळाखाली पेन बांधून ठेवायला सांगितले.